आधी पालथं व्हायचं

कोल्हापूरला जाऊन आले असं सांगितलं की आमच्या नाशिकच्या सोसायटीत आधी चपलांची चौकशी होते, मग रश्श्याची, आणि देवीचं दर्शन सगळ्यात शेवटी. यंदा मी सगळ्यांची निराशा केली. चपला आणल्या नाहीत, देवळातली रांग बघून बाहेरूनच कळसाला हात जोडले, आणि रस्सा खाल्ला तो अशा परिस्थितीत की त्याची चव आठवायच्या आधी लाज आठवते. बाकी जे काही पाहिलं ते बहुतेक जमिनीवरून पाहिलं. कधी बसून, कधी रांगत, आणि एकदा तर चक्क पाठीवर पडून.

झालं असं. माझी सुमनमावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, कोल्हापूरजवळ गडमुडशिंगीला एकटी राहते. काका गेल्यापासून घर, एक म्हैस आणि वाट्यानं दिलेला थोडा ऊस एवढाच तिचा संसार. पावसाळ्याच्या शेवटी ती परसात घसरून पडली. हाड मोडलं नाही, फारसं खरचटलंही नाही, पण तिला उठता येईना. पहाटे पडलेली बाई, शेजारची शोभावहिनी दूध न्यायला येईपर्यंत तशीच उताणी पडून होती. तिचा एकुलता एक मुलगा अभिजित बंगळुरूला नोकरीला आहे. त्यानं दुसऱ्याच दिवशी ठरवून टाकलं की घराला कुलूप लावायचं, म्हैस विकायची आणि आईला बंगळुरूला न्यायचं. मावशीनंही ठरवलं की जायचं नाही.

दोघंही एकाच मुशीतली, म्हणजे हट्टी. शेवटी तोडगा निघाला तो असा: मावशीनं थोडा अवधी घ्यायचा आणि मग जमिनीवरून, कशालाही न धरता, कुणाचाही हात न घेता उभं राहून दाखवायचं. जमलं तर ती गावात राहील, नाही जमलं तर निमूट बंगळुरूला जाईल. साक्षीदार म्हणून मी. "ताई खोटं बोलणार नाही," असं अभिजित म्हणाला आणि मावशीलाही ते पटलं. एवढा विश्वास पाहून मला बरं वाटायला हवं होतं. पण मला तर पुढचं धर्मसंकटच दिसत होतं. त्यातून मी मनातून अभिजितच्या बाजूची होते. मावशी तिकडे गेली की आम्ही सगळेच सुखानं झोपू, असं मला वाटत होतं.

शुक्रवार, गडमुडशिंगी

"आलीस व्हय? बस की," मावशी म्हणाली आणि खुर्ची पुढं केली. मी बसले आणि घराकडे पाहिलं. लहानपणी या घरात खुर्ची म्हणजे तलाठी किंवा व्याही आले तर शेजारून मागून आणायची वस्तू होती. आता जिकडेतिकडे खुर्च्या. माजघरात डायनिंग टेबल, उंच पलंग, भिंतीकडेला लाकडी दिवाण, मोरीत स्टूल, आणि गोठ्यात म्हशीशेजारीसुद्धा एक निळी प्लॅस्टिकची खुर्ची. म्हैस त्या खुर्चीकडे अशी पाहत होती, जणू ती आपल्यासाठीच आणलीय.

हे सगळं अभिजितनं केलेलं. पहिला पगार झाला तेव्हापासून तो आईला एकेक वस्तू घेत गेला. ओटा उंच केला, कमोड बसवला, टेबल आणलं. इकडे घरातल्या वडीलधाऱ्या बाईला खाली बसू न देणं हा तिचा मान. सूनही म्हणायची, आत्या, तुम्ही खाली बसायचं नाही. शेजारणी कौतुकानं बघून जायच्या.

"मान दिला पोरानं, खोटं कशाला बोलू," मावशी म्हणाली. इकडच्या बायका 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात. नाशिकला माझ्या तोंडून चुकून तसं गेलं की लोक वळून बघतात. "पर कैक वर्षं मी जमिनीला टेकलोच न्हाय. पाय इसरून गेले. त्या दिवशी पडलो तर जमीन वळखीचीच वाटंना."

"घाबरलीस?"

"घाबरलो न्हाय. लाज वाटली. मी बाळंतपणानंतर महिन्यात शेतात गेलेली बाई. आन् आभाळाकडं बघत पडलोय, पालथ्या पडलेल्या झुरळासारखा."

"झुरळ उताणं पडतं गं," मी म्हटलं.

"मास्तरीण हायस न्हवं तू," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. मी चित्रकला शिकवते, पण तिच्या लेखी मास्तरीण ती मास्तरीणच. पलंगावरून उठतानाही तिचे दोन्ही हात मांडीवर रेटलेले मला दिसले. सोमवारी सकाळी अभिजितचा फोन येणार होता. माझ्या हिशोबानं निकाल लागल्यात जमा होता.

शनिवार, मातीत

सकाळी मावशी तयार होऊन बाहेर आली आणि मी हसू दाबलं. लुगड्याखाली अभिजितची जुनी ट्रॅकपँट, वर लुगड्याचा काष्टा खोचलेला. "हसतीस काय, चल," म्हणाली. आमच्याकडे बायका व्यायामाला निघतात त्या बूट, पाण्याची बाटली आणि कानात गाणी घालून. सोसायटीभोवती चकरा मारताना निम्मा वेळ सुनांवर बोलतात. मीही त्यातलीच एक, तेव्हा नावं ठेवायचा अधिकार मला नाही.

गावच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये मुलींची तालीम आहे. आत तांबड्या मातीचा हौद. माती चाळून, तेल-हळद-लिंबू-ताक घालून मळलेली. तो वास इतका खाण्यासारखा होता की मला भूकच लागली. मुलींचा सराव संपत आला होता. त्यांना शिकवणारी वैशाली स्वतः कुस्ती खेळलेली. खांदा निखळल्यानंतर मैदान सुटलं, पण आवाज काही उतरलेला नव्हता. पत्र्यावर पाऊस पडावा तसं ती बोलते.

मावशी पडल्याची बातमी गावभर झाली तेव्हा वैशालीच घरी आली होती. म्हणाली, काकू, पोरींना मी पडायलाच शिकवतो, तुम्हीपण या. मावशी पहिल्या दिवशी नुसती बघायला गेली. दुसऱ्या दिवशी ट्रॅकपँट शोधली.

"काकू, झोपा," वैशाली ओरडली. मावशी मातीत उताणी झोपली. मुली बाजूला बसून बघू लागल्या. त्यात चेष्टा नव्हती, आपल्यातल्या कुणाची पाळी आली की बघतात तसं बघणं होतं.

वैशाली मला समजावू लागली. "पावणं, कुस्तीत पाठ टेकली की खेळ संपला. म्हणून पोरीला मी पैलं हेच शिकवतो, की पडलीस तर पालथी हो. पालथं झालं की खांदं आपलं, हात आपलं, गुडघं आपलं. मग समोरचा कितीबी दाबू दे. उताण्या माणसाला कायच सुचत न्हाय. ते नुसतं वर बघतंय."

तोवर मावशीनं एक गुडघा मुडपला, हात आडवा टाकला आणि कुशीवर वळली. तिथं थांबून श्वास घेतला. मग पालथी झाली, कोपरांवर आली, हातांवर आली आणि रांगत्या मुलासारखी चार पायांवर उभी राहिली. हे सगळं हळू पण बिनचूक झालं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण खरी गोम पुढंच होती. एक पाऊल पुढं ठेवून, कशालाही न धरता उभं राहणं तिला जमेना. गुडघा थरथरे आणि ती परत हातांवर येई.

"अजून एकदा," वैशाली म्हणाली.

"दमली असेल," मी म्हटलं.

"पावणं, तुम्ही उतरा की मातीत. बघून बोलणं सोपं हाय."

एवढ्या मुलींसमोर नाही म्हणणं शोभलं नसतं. मी उतरले, झोपले आणि वर पाहिलं. पत्र्याची शेड खालून फार उंच दिसते. उठायला गेले तर पोटाला नुसता पीळ बसला. मुली हसल्या. शेवटी मावशीनंच शिकवलं, "आधी पालथी हो गं. मग बघू."

दुपारी शोभावहिनीकडे जेवायला बोलावलं होतं. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण आणि भाकरी. आमच्याकडे काळ्या मसाल्याचा रस्सा असतो, तो तिखट असला तरी सरळ बोलतो. इथला पांढरा रस्सा दुधासारखा गरीब दिसतो आणि घशाखाली गेल्यावर कळतं. पंगत जमिनीवर होती. मावशीला खुर्ची दिली, ती तिनं सारली आणि भिंतीशी खाली बसली. मग मीही मोठ्या तोऱ्यात मांडी घातली. शाळेत मुलांना ताठ बसा म्हणून सांगणारी मी. जेवण झालं, सगळे हात धुवायला उठले आणि माझे पाय उठेनात. एका पायाला मुंग्या, दुसऱ्याला गोळा, आणि पुढ्यात खरकटं ताट. हाताला रस्सा लागलेला, त्यामुळे धरायचं तरी काय? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. शेवटी शोभावहिनी आणि तिच्या जावेनं दोन्ही बगलांना धरून मला उभं केलं. मावशी भिंतीचा आधार घेऊन आधीच उठली होती. ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

मीही हसले, पण दुपारभर मला ते लागून राहिलं. मी तिच्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान. घरी टेबलावर जेवते, खुर्चीत बसून शिकवते, पलंगावर झोपते. जमिनीशी माझा संबंध फक्त फरशी पुसलेली आहे का हे बघण्यापुरता उरला आहे. आज ना उद्या मीही कुठंतरी पडणार, आणि तेव्हा मलाही वर बघण्याशिवाय काही सुचणार नाही. याची मला खरोखर भीती वाटली.

रविवार, राजारामपुरी

सकाळी मावशीचा उजवा गुडघा सुजला होता. दुष्काळात तेरावा महिना. आदल्या संध्याकाळी मी झोप काढत असताना ती परत तालमीत जाऊन आली होती, आणि वैशालीनं हात न टेकता उठण्याचा प्रयत्न तिच्याकडून पुन्हा पुन्हा करवला होता. उद्या परीक्षा, त्यामुळे दोघींना धीर नव्हता. पी हळद आणि हो गोरी.

रिक्षा करून कोल्हापुरात राजारामपुरीत गेलो. तिथं एका गल्लीत दवाखाने आणि पुढच्या गल्लीत शिकवणीवर्ग, अशी ती वस्ती. रविवारी उघडा असलेला दवाखाना शोधताना दोनदा रिक्षा वळवावी लागली. डॉक्टर बाई तरुण आणि थकलेल्या होत्या. गुडघा दाबून म्हणाल्या, "व्यायाम सोडू नका काकू, त्यानंच पायात जोर आलाय. पण या वयात, या गुडघ्यावर, काही न धरता उठायचा अट्टहास कशाला? धरून उठा की."

"धरून चालत न्हाय," मावशी म्हणाली. "ठरलंय तसं."

"कुणाशी?"

"पोराशी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. बाहेर पडल्यावर मावशी एका दुकानाच्या पायरीवर बसली. रस्त्यावर दुचाक्यांची गर्दी, समोर क्लासमधून सुटलेली मुलं वडापाव खात उभी. ती गुडघा चोळत त्यांच्याकडे बघत राहिली.

"जाते तिकडं," अखेर म्हणाली. पहिल्यांदाच ती 'जाते' म्हणाली, जणू सुनेच्या बोलीची आतापासूनच सवय करत होती. "चौदाव्या मजल्यावर हाय म्हणं त्याचं घर. म्हशीला कोण घेईल ते शोभीला इचारतो."

मला हवं होतं ते होत होतं. मावशी सुरक्षित राहणार, मी धर्मसंकटातून सुटणार. तरी मला अजिबात बरं वाटलं नाही. मी काहीतरी बोलायचं म्हणून वडापाव हवा का विचारलं. तिनं खाल्ला. कोल्हापूरकर दुःखातही मिरची मागून घेतात.

संध्याकाळी वैशाली घरी आली. दारातच उभी राहिली, आवाज निम्म्यावर आलेला. "काकू, चुकलं माझं. पोरींच्या गुडघ्यावर तुमचं गुडघं जोखलं."

"तुजं काय चुकलं? मला घाई हुती," मावशी म्हणाली. "बस. चा घे."

वैशाली बसली, जमिनीवरच. बराच वेळ ती गुडघ्याला तेल चोळत राहिली आणि कुणीच उद्याचं नाव काढलं नाही.

सोमवार, माजघरात

अभिजितचा व्हिडिओ कॉल ऑफिसच्या आधी आला. तो आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता, मुलाखतीला बसल्यासारखा. फोन माझ्या हातात. शोभावहिनी आणि वैशाली उंबऱ्यात. म्हशीची धार काढून झालेली होती, म्हणजे मावशीनं दिवसाची कामं उरकूनच हरायचं ठरवलं होतं.

"आई, डॉक्टरकडे गेलीस म्हणं ना काल? मग राहू दे आज," अभिजित म्हणाला. "मी तिकीट काढतो."

"ठरलंय न्हवं? मग बघ," ती म्हणाली आणि बसण्याऐवजी फरशीवर सरळ उताणी झोपली. "तवा पडलतो तसंच पडलोय."

ती कुशीवर वळली, पालथी झाली, गुडघ्यांवर आली. पाऊल पुढं ठेवलं. हात दोन्ही हवेत. गुडघा थरथरला आणि ती धपकन खाली बसली. पुन्हा एकदा केलं, पुन्हा बसली. तोंड लाल झालं होतं. मी फोन खाली ठेवायला गेले, तिला हात द्यायला.

"बास आई," फोनमधून आवाज आला. "झालं. बास."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं आणि नको म्हणून मान हलवली. मग हातांवर आली आणि रांगायला लागली. वाटेत प्लॅस्टिकची खुर्ची होती. तिला तिनं हातानं ढकलून बाजूला केलं, कारण ती भार टाकला की सरकते. रांगत रांगत भिंतीकडच्या दिवाणापर्यंत गेली. लुगड्याचा पदर फरशीवरून ओढत चालला होता, सुटलेला अंबाडा एका खांद्यावर. दिवाणावर तिनं दोन्ही कोपरं टेकली, थांबली, श्वास घेतला. चांगला पाय पुढं टाकला, कोपरांनी रेटा दिला आणि उठली. वळून दिवाणावर बसली, पदर सावरला. उंबऱ्यात वैशालीनं तोंडावर हात ठेवला होता.

"आई, दिवाण धरलास," अभिजित म्हणाला.

"धरला की."

"कशालाही धरायचं नाही असं ठरलं होतं."

"ते न्हाय जमलं. हारलो. काढ तिकीट. पर कुणी हात दिला व्हय मला?"

तो फोनजवळ सरकला. मग म्हणाला, "ताई, तू सांग."

मी जे पाहिलं ते सांगितलं. आधाराशिवाय तिला उठता आलं नाही, यापुढंही बहुधा येणार नाही. पण उताणी पडलेली बाई कुणाला न बोलावता आधारापर्यंत पोचली, आणि कुठला आधार टिकेल हेही तिला कळलं. "मला तर तेवढंही येत नाही, अभिजित. शनिवारी दोघींनी मला उचललं. तू तिला राहू दे," मी म्हटलं. साक्षीदारानं वकिली करायची नसते, पण मी केली.

अभिजितनं चष्मा काढला. "तुला माहिती नाही ताई. त्या दिवशी पहाटे मी तिला फोन करत होतो. रिंग जात होती. पुन्हा पुन्हा जात होती. मी रागावलो तिच्यावर, फोन कुठंतरी टाकून हिंडत असेल म्हणून. ती तेव्हा पडलेली होती." त्यानं चष्मा शर्टाला पुसला. "आता रिंग गेली आणि उचलला नाही, की मला तेच दिसतं."

"मला ऐकू येत हुता फोन," मावशी म्हणाली. हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. "तूच हायस हे ठावं हुतं. त्यानंच जास्त झालं मला."

शोभावहिनीनं डोळ्यांना पदर लावला.

"पुन्हा पडलीस तर?" त्यानं विचारलं.

"पडणार की. म्हातारं माणूस पडतंय. तिकडं चौदाव्या मजल्यावर काय, जमीन न्हाय व्हय?" तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि तोंडाशी इतका जवळ धरला की त्याला तिकडे नुसतं कपाळच दिसत असणार. "तू सकाळी फोन कर. रोज कर. उचलला तर बोल. न्हाय उचलला तर लगीच रडत बसू नको, शोभीला लावू नको, गाव गोळा करू नको. थांब वाईच."

"किती वेळ थांबू?"

"थांब की. उठतोय मी."